कॅल्शियम आणि मेंदूतील पेशीपटलस्थ विकरे

प्रवाळपिष्टी, मुक्ताशुक्तिपिष्टी ही द्रव्ये मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची आहेत, हे वैद्यबंधूंस ज्ञात आहेच. त्यावरून ‘कॅल्शियम वाढविले की मेंदूस बळ मिळते’ असे रुग्णास सांगितले जाते. हे विधान तपासण्यासाठी मेंदूतील पेशीपटलावरील विकरांचे, म्हणजेच एन्झाइमांचे, कार्य पाहणे आवश्यक आहे.

विश्रांत चेतापेशीच्या आतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. हा फरक राखण्यात पटलावरील कॅल्शियम एटीपेज या विकराचा मोठा वाटा आहे. पेशी उत्तेजित होताच कॅल्शियम आत शिरते व कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी संयोग पावते. हा संयोग त्याच विकराची गती वाढवितो आणि कॅल्शियम पुन्हा बाहेर टाकले जाते. अ‍ॅडेनिलेट सायक्लेजचे १ व ८ हे प्रकारही या संयोगाने उद्दीपित होतात. ५ व ६ हे प्रकार मात्र कॅल्शियममुळे मंदावतात. येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये वर्णिलेले सोडियम-पोटॅशियम एटीपेजही पेशीतील कॅल्शियम वाढल्यास मंदावते. तात्पर्य, कॅल्शियम सरसकट बल्य नाही. एका विकरास ते चेतविते, तर दुसऱ्यास रोखते.

शिवाय रक्तातील कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक व ड जीवनसत्त्व यांच्या नियंत्रणात असते. त्यामुळे प्राकृत पातळी असलेल्या रुग्णास अधिक मात्रा दिल्याने चेतापेशीतील कॅल्शियम त्या प्रमाणात वाढत नाही. ऱ्हास व वृद्धी मात्र दोन्ही घातक आहेत. पातळी फार घटल्यास हातापायांस मुंग्या, पेटके, क्वचित आक्षेप येतात. फार वाढल्यास तंद्रा, संभ्रम व मलावष्टंभ होतो.

औषधविक्रेत्या बंधूंनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. हृद्रोगात दिले जाणारे डिगॉक्सिन हे सोडियम-पोटॅशियम एटीपेजलाच रोखते. रक्तातील कॅल्शियम वाढलेले असता त्याची विषबाधा अधिक संभवते. म्हणून कॅल्शियमयुक्त कल्प देण्यापूर्वी डिगॉक्सिन, ड जीवनसत्त्व वा कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत काय, हे आम्ही प्रत्येक रुग्णास विचारतो. वृद्ध रुग्ण अकस्मात संभ्रमित वा सुस्त झाल्यास त्यास मेध्य कल्प देऊन थांबू नये. रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे आणि त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

हीनयोग व अतियोग दोन्ही त्याज्य, हा आपल्या शास्त्राचा दंडक येथेही लागू पडतो.