औषधाची चतुःसीमा

मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट २० मार्च २०२६ रोजी संपलं. त्याचं इंजेक्शन किती स्वस्त होईल याचे अंदाज तेव्हा सगळीकडे छापून आले, ते इथे पुन्हा नकोत. मला त्याहून मोलाचा वाटतो तो डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गाजलेला मुद्दा. मूळ कंपनीचं व्यापक पेटंट २०२४ मध्येच संपलं होतं. मग त्याच्याच पोटातल्या औषधाला वेगळं पेटंट कसं, असं भारतीय औषध कंपनी डॉ. रेड्डीज्‌ने विचारलं. जिथे पेटंट नाही अशा देशांसाठी औषध बनवायची मोकळीक त्यांना मिळाली.

हा मुद्दा कळायला पेटंटचा कागद बघू. त्यात शेवटी ‘दावे’ असतात. वकील आधी तेच वाचतो. खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखे ते असतात: हक्क कुठून कुठपर्यंत, एवढंच सांगणारे. एमआयडीसी-सिडकोच्या जमिनीवरच्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गाजलं, तेव्हापासून नवी मुंबईतल्या दिघ्यात हद्दीचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि याच दिघ्याच्या हद्दीत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, सँडोझचा औषध कारखाना आहे. २०२३ पर्यंत सँडोझ ही नोव्हार्टिसची जेनेरिक शाखा होती. त्याच नोव्हार्टिसने रक्ताच्या कर्करोगावरच्या ‘ग्लिव्हेक’साठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. तेव्हा ग्लिव्हेकचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, जेनेरिकचा दहा हजारांच्या आत. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचं अपील फेटाळलं.

त्या निकालातलं कलम ३(ड) सगळ्यांच्या तोंडी आहे. जुन्याच पदार्थाचं नवं रूप असेल, तर गुण वाढल्याचं दाखवा. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. नवं स्फटिकरूप शरीरात ३० टक्के अधिक शोषलं जातं, असं कंपनी म्हणत होती. त्यामुळे रुग्णाला जास्त गुण येतो याचा पुरावा मात्र तिने दिला नव्हता.

मला वकिली बुद्धीचा खरा कस दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. ग्लिव्हेकमागचा मूळ रेणू इमॅटिनिब; त्याचं ‘झिमरमन’ नावाने ओळखलं जाणारं पेटंट अमेरिकेत आधीच होतं. नोव्हार्टिसने अमेरिकी सरकारकडे त्याची मुदत वाढवून मागितली, तेव्हा ग्लिव्हेक याच पेटंटात येतं असं लिहून दिलं. नॅटको ही भारतीय कंपनी ब्रिटनमध्ये आपल्या गोळ्या विकू लागली, तेव्हा नोटीस गेली तीही झिमरमनच्याच युरोपीय पेटंटच्या जोरावर. भारतात मात्र कंपनीची भूमिका अशी, की ग्लिव्हेकमधलं मेसिलेट, म्हणजे इमॅटिनिबचा क्षार, झिमरमन पेटंटच्या हक्काखाली येतं, पण त्या कागदात उघड झालेलं नाही. विरोधी वकिलांनी कंपनीचेच जुने कागद समोर ठेवले आणि न्यायालयाने ही फोड नाकारली. ते मला शंभर टक्के पटतं. पेटंट हा सौदा आहे: तुम्ही शोध जगापुढे मांडा, सरकार २० वर्षं मक्ता देईल. हक्क सांगताना कुंपण डोंगरापर्यंत आणि माहिती देताना अंगणापुरतं, असं चालू दिलं तर एकाच औषधावर एकामागून एक मक्ते घेता येतील. तोवर इंजेक्शनची वाट पाहणाऱ्या माणसाने काय करायचं?

सेमाग्लुटाइडच्या खटल्यातही गाठ इथेच होती. पहिल्या पेटंटच्या कुंपणात हा रेणू होता का, आणि असेल तर तो तिथेच उघड झाला होता का?