लाखोळी आणि ताठरलेले पाय

चालण्याची आज्ञा मेंदूच्या बाह्यपटलातून निघते आणि लांब चेतातंतूंवरून मज्जारज्जूत उतरते. लाथायरिझम या विकारात नेमके हेच तंतू निकामी होतात. पाय लुळे न पडता ताठरतात; रुग्ण चवड्यांवर, पाय कात्रीसारखे टाकत चालतो. बुद्धी शाबूत राहते, गेलेली चाल मात्र परतत नाही.

कारण ताटात आहे. छत्तीसगडचा तिवरा, म्हणजे पूर्व विदर्भातली लाखोळी, उभ्या धानात फेकून पेरतात. अवर्षणातही ती तगते. म्हणून उपासमारीत तीच मुख्य अन्न होते, आणि बाधते ती तेव्हाच. एरवी वरणात अधूनमधून आली तर सहसा काही बिघडत नाही. तिच्यातले ओडॅप हे विषद्रव्य १९६४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळे केले गेले. ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहकाशी त्याचे साम्य असल्याने चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात, असे मानले जाते.

१९६१ च्या विक्रीबंदीने फारसे साधले नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने काढलेले कमी ओडॅपचे ‘महातिवरा’ वाण हा अधिक शहाणपणाचा उपाय. घरी डाळ भिजवून ते पाणी फेकून द्यावे; विष बरेच उतरते.