बिनपगारी ड्यूटी

पहाटे 4:45
आज नळाला पाणी यायचा दिवस. जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी आमच्या मुकुंदवाडीतल्या गल्लीत पाणी आठवड्याने येतं. भैयाच्या दुपट्यांची बादली त्यामुळे आजच उपसायची. पण आधी त्याची कूस बदलते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडाजवळ लाली येते आणि लालीची जखम व्हायला वेळ लागत नाही. भैया, माझा मुलगा, चौदा वर्षांचा, वजन अठ्ठावीस किलो. सेरेब्रल पाल्सी, दिव्यांग कार्डावर 90 टक्के. मान धरत नाही, हसतो मात्र सगळ्या अंगाने.

सकाळी 6:00
ह्यांचा डबा भरून झाला. चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी काम, पहिली पाळी, हातात 13 हजार.

सकाळी 7:30
नाचणीची पेज, त्यात केळं कुस्करलेलं. भिंतीला टेकून मी त्याला मांडीत घेते, त्याची पाठ माझ्या छातीला. डावा हात त्याच्या हनुवटीखाली. मान मागे गेली की घास श्वासनळीत जातो, म्हणून हनुवटी जराशी खाली ठेवायची. चमचा जिभेच्या मध्यावर किंचित दाबायचा आणि ओठ मिटेपर्यंत थांबायचं. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की मगच पुढचा घास. एका वाटीला पाऊण तास जातो. घाई केली तर ठसका, आणि ठसक्यातून न्यूमोनिया. मागे तसं झालं तेव्हा ह्यांचे खाडे पडले, अर्धा पगार गेला. म्हणजे या पाऊण तासावर घरातली कमाई उभी आहे, पण तो कुठल्याच हजेरीपटावर लागत नाही.

मग फिटचं औषध, सिरिंजने, गालाच्या आतून, थोडं थोडं.

सकाळी 10:30
मोठ्या जाऊबाईंकडे भैयाला ठेवलं. "जा तू, पण एकच्या आत ये गं बाई, मला तो उचलत नाही," म्हणाल्या. मला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूवर जायचं होतं.

बाहेर फॉर्म भरून देणाऱ्याने ह्यांची पगाराची स्लिप बघितली आणि ती माझ्याकडे परत सरकवली. "ताई, ही जोडू नका. मजुरी लिहितो, 48 हजार टाकतो. सगळेच टाकतात." तो माझ्या भल्याचंच सांगत होता. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून आहे. दिव्यांगांना त्यात महिन्याला 1500 मिळायचे, ऑक्टोबर 2025 पासून 2500 झाले. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काही. नियमाने पगार घेणाऱ्या कुणाचंही घर या आकड्यात बसत नाही. ह्यांना कंपनीत घेतलं त्या वर्षापासून आमचं अनुदान बंद आहे.

मी स्लिप जोडली. त्या माणसाचा मला राग आला नाही, राग 50,000 या आकड्याचा आला. डायपर एक तीस रुपयाला. दिवसाला तीन धरले तर महिन्याचे 2700, वाढलेल्या अनुदानापेक्षा दोनशे जास्त. म्हणून दिवसा जुन्या साड्यांची दुपटी आणि डायपर फक्त बाहेर जाताना. भैया आमच्याकडे पगार वाढला म्हणून कमी अपंग झालेला नाही.

दुपारी 1:15
भरवणं, मग व्यायाम. टाचेची शीर आखडते, ती हळूहळू ताणायची. फिजिओथेरपीची बिलं फाईलला लावली. निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च परत मिळतो, त्यात थेरपीही बसते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून आलेली ही योजना अनेक आयांना ठाऊकच नसते. थेरपी सेंटरच्या बाकावर मी भेटेल तिला सांगते.

दुपारी 2:30
तो झोपला की मोबाईलवर वाचते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 आहे. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी केअरगिव्हर भत्ता त्यात स्पष्ट लिहिलाय, फक्त सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केरळने तर हा कायदा यायच्या आधीच, 2010 मध्ये, 'आश्वासकिरणम' योजना सुरू केली. अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्यासाठी आहे, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं. इंग्लंडने असा भत्ता 1976 मध्ये दिला, तेव्हा लग्न झालेल्या बायकांना वगळलं होतं, का तर त्या घरीच असतात. एका बाईने न्यायालयात जाऊन भांडण केलं तेव्हा 1986 मध्ये तो लग्न झालेल्या बायकांनाही लागू झाला. तिथे आठवड्याला 35 तास सांभाळ केला की माणूस पात्र ठरतो. माझे 35 तास सोमवारी सुरू होतात आणि बुधवार उजाडायच्या आत संपतात.

आपल्याकडे आयकरात दिव्यांगाच्या सांभाळासाठी 75,000 ची वजावट आहे, तीव्र अपंगत्वाला 1,25,000 ची. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांनाच ती मिळते. आमच्यासारख्यांना कर बसत नाही, म्हणून वजावटही नाही. लाडकी बहीण योजनेचे 1500 येतात आणि त्यांचा आधार खरा आहे. पण ते मला बाई म्हणून मिळतात. भैया नसता तरी मिळालेच असते.

संध्याकाळी 5:30
शेजारची ताई पॅकिंगच्या कामावरून आली. लग्नाआधी मीही तिथेच होते. "येतेस का परत? माणसं घेतायत," म्हणाली. भैयाजवळ बसणारी बाई शोधली तर माझा सगळा पगार तिला जाईल.

रात्री 9:30
ह्यांनी भैयाला पुसून, कपडे बदलून झोपवलं. मी लोकशाही दिनाचा अर्ज काढला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. "काय मागणार?" ह्यांनी विचारलं. लिहिलं होतं ते वाचून दाखवलं: कलम 24 प्रमाणे भत्ता, सांभाळणाऱ्याच्या खात्यावर, नवऱ्याचा पगार न बघता. ह्यांनी कार्डाची झेरॉक्स काढून दिली आणि पगाराची स्लिप तिच्याखाली टाचली.