गाणी आधी, नाटक नंतर!

संगीत नाटकात सहसा प्रसंग आधी ठरतो, गाणं मागून येतं. 'मामा मिया!'चं उलटं झालं. स्वीडनच्या 'अ‍ॅबा' बँडची गाणी आधीच जगाच्या तोंडी होती. निर्मात्या ज्युडी क्रेमर यांना त्यांत नाटक दिसलं आणि कॅथरीन जॉन्सन यांनी गोष्ट रचली. ग्रीक बेट, लग्नाला उभी राहिलेली सोफी आणि तिचे वडील असू शकतील असे तीन पाहुणे! बँडचं चरित्र त्यात मुळीच नाही, हीच खरी हुशारी. 'द विनर टेक्स इट ऑल' तर सोफीच्या आईसाठीच लिहिलंय असं वाटतं.

लंडनमध्ये शुभारंभ ६ एप्रिल १९९९ला झाला. बरोबर २५ वर्षांपूर्वी त्याच तारखेला अ‍ॅबाने युरोव्हिजन ही गीतस्पर्धा जिंकली होती. या नाटकावरचा २००८चा सिनेमा पाहिला असेल, तर लंडनच्या मूळ संचाचं ध्वनिमुद्रणही जरूर ऐका.