दोन टाळ्यांमधली जागा

आज लयीबद्दल. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजणाऱ्याला ‘यात लय कुठे आहे?’ असं विचारलं, तर तो बहुधा तबल्याच्या ठोक्याकडे बोट दाखवील. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने राहून ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शारंगदेवाचं उत्तर मात्र वेगळं आहे. एक क्रिया झाली, टाळी पडली, की तिच्यानंतर जी विश्रांती येते ती लय. विश्रांती लांबली की विलंबित, आखडली की द्रुत. ठोका फक्त हद्द दाखवतो. लय दोन ठोक्यांच्या मधे असते. संगीतशास्त्रातली ही मला सर्वांत उपयोगी वाटणारी व्याख्या आहे, कारण गाण्याबाहेरही ती जशीच्या तशी लागू पडते.

आधी गाण्यातच पाहू. त्रितालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी असते. नवव्या मात्रेला टाळी नसते, हात नुसता उलटा करतात. ही खाली किंवा काल. त्याच सुमारास डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ‘धिं’च्या जागी ‘तिं’ ऐकू येतो. हा अभाव कानाला कळतो, म्हणूनच सम किती लांब आहे हे मोजल्याशिवाय समजतं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंद चालते, आख्खं आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं, तरी हजार माणसांची मान समेवर एकाच वेळी हलते. पुढचा ठोका कधी येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मधली जागा सगळ्यांनी मिळून सांभाळलेली असते.

बोलण्याचंही तसंच. जात्यावरची ओवी घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवतात, मधेच एकीचा हात मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकतो, आणि ओळ श्वासाच्या मापाने तुटते. त्या ओळीतला ‘घर’ हा शब्द रोजच्या बोलण्यासारखा आखूड राहत नाही, ‘र’ पूर्ण उच्चारला जातो, कारण हाताचा फेरा पुरा व्हायचा असतो. समर्थांच्या मनाच्या 205 श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. एका चरणात बारा अक्षरं, लगागा चार वेळा. अर्थ न कळणारं पोरही ते अडखळल्याशिवाय म्हणतं. चांगल्या कीर्तनकाराला कुठे थांबायचं हे कळतं, आणि तो थांबला की समोरचा माणूस पुढचा शब्द मनात म्हणून टाकतो. वृत्तवाहिन्यांवरचं निवेदन कान थकवतं ते वेग जास्त असतो म्हणून नव्हे. त्यात विश्रांती नसते म्हणून.

निसर्गातली लय मुंबईकराच्या पायाशी रोज येते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांनी हे घड्याळाशिवाय बसवलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हे करायला पाऊणकी पाठ लागते आणि पाऊणकीही पाऊण, दीड, सव्वादोन, तीन अशी तालातच पाठ व्हायची. चंद्राची लय पाढ्याच्या लयीत धरून ठेवलेली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग हे त्यावरचं आणखी मोठं आवर्तन.

दोन वेगळ्या लयी एकत्र चालल्या की त्या कधीतरी समेवर भेटतातच. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांवर एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत. सोळा मात्रांचा त्रिताल आणि दहा मात्रांचा झपताल एकत्र सुरू केले, तर पुन्हा सम एक होते ती 80 मात्रांनंतर; त्रितालाची पाच आवर्तनं, झपतालाची आठ. मैफलीत ही भेट टाळ्या घेते. मुंबईत ओशिवरा नदीकाठी पाऊस आणि भरती यांची भेट संकट होते. आरेच्या टेकड्यांतून निघून ही नदी मालाडच्या खाडीला मिळते, आणि खाडी भरलेली असताना तिला पाणी सोडायला जागा राहत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती.

शारंगदेवाची व्याख्या माणसाच्या शरीरात पाहायची असेल, तर गुरुपौर्णिमेनंतर रात्री जोगेश्वरीत जावं. गोविंदा पथकांचा सराव तेव्हा सुरू होतो. जोगेश्वरीच्याच जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा गिनीज विक्रम केला, आणि 2025 मध्ये याच उपनगरातल्या कोकण नगर पथकाने दहा थर लावले. लोक उंची पाहतात. मला पाहावंसं वाटतं ते थांबणं. वरचे थर आधी बसून रचले जातात, मग खालून वर एकेक थर उभा राहतो. एक थर उठला की मनोरा किंचित डुलतो. ते डुलणं विरेपर्यंत वरच्याने उठायचं नाही. घाई झाली तर डोल वर जाताना वाढत जातो. फार थांबलं तर खालच्यांच्या मांड्या थरथरू लागतात. दोन हालचालींमधली ही विश्रांती नेमकी किती, हे पथकाला महिनाभराच्या सरावाने अंगात मुरवावं लागतं. तळातल्या माणसाची मान खाली असते, हात पुढच्याच्या अंगाला घट्ट. वर काय चाललंय हे त्याला खांद्यावरच्या पायातून आणि कानांवर येणाऱ्या आवाजातूनच कळतं.

स्पेनमधल्या कातालोनियातही असेच मानवी मनोरे उभारतात. तिथे मनोरा चढताना ग्राल्या नावाची सनईसारखी वाद्यं आणि ढोल वाजतात, आणि धून नुसती साथीला नसते. शिखरावरच्या पोराने हात वर केला की ती बदलते, त्यामुळे तळाला दबलेल्यांना काही न पाहता कळतं की आता उतरण सुरू होणार. संगीत तिथे खालच्या माणसाचे डोळे होतं.

आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी डीजेच्या भिंती दणाणत असतात. प्रशिक्षकाची हाक, शिट्टी, वरच्याचा ‘उठतोय’ हा शब्द, सगळं त्यात बुडतं. हंडी बांधणाऱ्या मंडळांना म्हणून कळकळीची विनंती आहे: वरचे थर उठायला लागल्यापासून शेवटचं पोर जमिनीवर येईपर्यंत डीजे पूर्ण बंद ठेवा. सगळे उतरल्यावर हवा तेवढा वाजवा.