किंडलवरच्या जाहिराती काढायला पैसे द्यावेत का?

समजा, इंझोरीतल्या एखाद्या घरी अमेरिकेहून मामू आले आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीला किंडल देऊन गेले. पुस्तक बंद केलं की स्क्रीनवर भलत्याच कादंबरीची जाहिरात. घरच्यांना वाटतं, मशीन बिघडलं की काय! पण ते बिघडलेलं नसतं, सवलतीत घेतलेलं असतं.

अ‍ॅमेझॉनने 2011 मध्ये अमेरिकेत ही पद्धत सुरू केली. साधं किंडल तेव्हा 139 डॉलरला होतं, जाहिरातींचं 114 डॉलरला. म्हणजे 25 डॉलरची सूट फुकट नव्हती. तेवढ्या बदल्यात कंपनीने आपल्या स्क्रीनवर जागा घेतली.

या जाहिराती किंडल झोपलेलं असताना स्क्रीनवर दिसतात. पुस्तक वाचताना मध्ये काहीच येत नाही. त्यामुळे फक्त अभ्यासासाठी वापर असेल, तर पैसे न देताही काम भागतं. पण घरात लहान मुलं आहेत आणि कुठलंही मुखपृष्ठ त्यांच्यासमोर येऊ नये असं वाटत असेल, तर जाहिराती कायमच्या काढता येतात. अमेरिकेत त्यासाठी 20 डॉलर लागतात, म्हणजे सतराशे रुपयांच्या वर. हे पैसे एकदाच द्यायचे, दर महिन्याला नाही.

कसं करायचं? किंडल ज्यांच्या खात्यावर आहे, त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या वेबसाइटवर लॉगिन करावं. 'कंटेंट अँड डिव्हायसेस'मध्ये आपलं किंडल निवडून 'स्पेशल ऑफर्स'समोरचा 'रिमूव्ह' पर्याय दाबावा. नंतर किंडल वाय-फायला जोडावं. खातं मामूंच्याच नावावर असेल तर हे काम त्यांनाच करावं लागेल.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. "जाहिराती काढून देतो" म्हणून कोणी फोन केला, लिंक पाठवली किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

आणि पुढच्या वेळी कोणी बाहेरून किंडल आणत असेल, तर आधीच विचारा: "मामू, जाहिरातींचं आहे की बिनजाहिरातीचं?" दोन्ही किमती समोर ठेवल्या की निर्णय सोपा होतो.