दुसरा अल्बम, जरा लवकर आलेला

औरंगाबादच्या गुलमंडीत इंग्रजी गाण्यांची कॅसेट मागितली, की दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे निरखून बघायचा आणि मग मायकल जॅक्सन पुढे करायचा. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दर्शनी भागात हिंदी सिनेमे, त्याखाली कव्वाल्या, भीमगीतं, आनंद शिंदे. गणपती जवळ आले की आरत्यांना पुढची जागा. इंग्रजी माल कोपऱ्यातल्या एका फळीवर. खरा धंदा कोऱ्या कॅसेट भरून देण्याचा. कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि दोन दिवसांनी घ्यायला यायचं. यादीतलं एखादं गाणं सापडलं नाही तर मालक आपल्या मनाने दुसरंच भरून ठेवायचा. आमच्यातल्या अनेकांची आवड अशी त्याच्या अडचणीतून घडली.

मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा बँड 1984 सालचा. उदय बेनेगल गायचे, महेश तिनईकर गिटार वाजवायचे. त्या काळी कॉलेजच्या महोत्सवात रॉक बँडने डीप पर्पल किंवा लेड झेपलिनची गाणी हुबेहूब वाजवावीत, एवढीच अपेक्षा असे. नक्कल जितकी चोख, तितक्या शिट्ट्या. स्वतःचं गाणं काढलं की समोरची पोरं चहा प्यायला उठायची. रॉक मशीनने हट्टाने स्वतःचीच गाणी लावून धरली आणि 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम काढला. त्याचं कौतुक होण्यात नवलाईचा वाटा मोठा होता. आपल्याकडची पोरं इंग्रजीत स्वतःची गाणी रचतात, एवढ्यावरच लोक खूश होते.

नवलाई एकदाच चालते. 1990 मध्ये दुसरा अल्बम आला, ‘द सेकंड कमिंग’. आता गाणी गाणी म्हणून ऐकली जायला हवी होती, पण ऐकवणार कोण आणि कुठे? घरोघरी दूरदर्शन. एमटीव्ही आपल्याकडे आलं ते स्टार टीव्हीबरोबर, 1991 साली. रॉकला वाहिलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ अलाहाबादहून निघू लागलं 1993 मध्ये. म्हणजे अल्बम बाजारात आला तेव्हा तो दाखवणारा पडदा नव्हता आणि त्याची चिरफाड करणारं हक्काचं मासिकही नव्हतं. मुंबईत निदान धोबीतलावचं रंगभवन होतं, 1986 पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ होता. पैठण गेटच्या अलीकडे यातलं काहीच पोचत नव्हतं. हा अल्बम गाजला असं म्हणवत नाही आणि पडला असंही नाही. तो दोन जमान्यांच्या मधल्या फटीत गेला.

अमेरिकेत साधारण याच सुमारास, 1991–92 च्या हिवाळ्यात, ग्रीन डे या पॉप-पंक बँडचा दुसरा अल्बम ‘करप्लंक’ आला. तीही पोरंटोरंच, कंपनी ‘लुकआउट’ नावाची चिमुकली. पण त्यांच्या पाठीशी बर्कलीतला 924 गिलमन स्ट्रीटचा अड्डा होता, स्वयंसेवकांनी चालवलेला. तिथली मंडळी इतकी कडवी, की बँडने मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्याला अड्ड्याचं दारच बंद झालं. त्या कंपनीकडून 1994 मध्ये आलेला ‘डूकी’ जगभर खपला. रागावणारा का होईना, पण त्यांना आपला म्हणावा असा श्रोता होता. वीझर या दुसऱ्या अमेरिकी बँडच्या 1996 च्या ‘पिंकर्टन’ची कथा त्याहून मजेची. तोही दुसराच अल्बम. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत तिसरा नंबर दिला आणि काही वर्षांनी त्याच अल्बमची थोरवी गायली जाऊ लागली. शिव्या तरी मिळाल्या म्हणून पुढे फेरविचार झाला. रॉक मशीनला धड शिव्याही मिळाल्या नाहीत.

आमच्याकडे हा बँड आला तो उलट्या क्रमाने. गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, सुपारी हनुमानाच्या परिसरातल्या घरांत रात्री आवाज बारीक करून एमटीव्ही लागायला लागलं, आणि त्यात याच दुसऱ्या अल्बममधलं ‘प्रिटी चाइल्ड’ दिसलं. पण नाव होतं ‘इंडस क्रीड’. 1993 मध्ये बँडने जुनं नाव टाकलं होतं. ‘रॉक मशीन’ म्हटलं की नुसता हार्ड रॉकचा दणदणाट डोळ्यांपुढे यायचा आणि यांचं संगीत त्यापलीकडे सरकलं होतं. त्याच वर्षी या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिसरा अल्बम यायला अजून दोन वर्षं होती. गाणं आवडलेल्या पोरांनी दुकानात ‘इंडस क्रीड’ मागितलं, तर मालकाला नाव ठाऊक नाही. ‘रॉक मशीन’ची कॅसेट मागावी हे पोरांना ठाऊक नाही. नाव बदलल्याचा तोटा मुंबईत जाणवला नसेल, आमच्या फळीवर चांगलाच जाणवला.

1995 चा ‘इंडस क्रीड’ हा अल्बम मला त्यांचा सर्वांत पक्व वाटतो, पण 1997 मध्ये बँड फुटला. बेनेगल आणि दुसरे गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा बँड उभा केला. 2010 मध्ये बँड पुन्हा जमला, 2012 ला ‘इव्हॉल्व्ह’ आला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांचं, म्हणजे पर्ल जॅमचा ‘टेन’ ज्यांच्या हातून गेला ते. आता मात्र लिहिणारे पुष्कळ होते. परीक्षणं आली, मुलाखती आल्या, भारतीय रॉकचे पूर्वज म्हणून मान मिळाला. मुलाखती बहुतेक इंग्रजीत. तिनईकरांसारखा गिटारवाला चारही अल्बमांत, दोन्ही नावांखाली टिकून राहिला, तरी मराठी संगीतावरच्या लेखांत त्यांचं नाव मला क्वचितच भेटलं आहे.